पाठकोरी

नव्या वह्या काय, कोणीही देतं. दुकानात जायचं, गठ्ठा उचलायचा, शाळेत नेऊन ठेवायचा आणि हेडबाईंच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा. त्यात डोकं कुठे लागतं?

असं मी आमच्या इमारतीच्या बैठकीत उभं राहून म्हणालो आणि तिथेच सगळं बिघडलं. विषय अगदी साधा होता. मागच्या रस्त्यावरच्या शाळेत सातवीला पंचेचाळीस मुलं आहेत, बहुतेकांच्या घरी वह्यांची मारामार असते, तर प्रत्येक घरानं काहीतरी द्यावं. सगळे 'हो हो, देऊ की' म्हणत दाराशी चपला शोधायला लागले होते. मी गप्प बसलो असतो तर प्रकरण दहा मिनिटांत आटोपलं असतं. पण तीस वर्षं एका मोठ्या कचेरीचं भांडार सांभाळलेल्या माणसाला दहा मिनिटांत आटोपणाऱ्या कामाबद्दल फारसा आदर नसतो.

मी म्हणालो, "प्रत्येकाच्या माळ्यावर अर्ध्या वापरलेल्या वह्या पडून आहेत. त्या मला द्या. कोरी पानं एकीकडे काढू, एका बाजूला लिहिलेली म्हणजे पाठकोरी दुसरीकडे. बाइंडरकडून नव्या वह्या बांधून घेऊ. पुढे कोरी पानं, शेवटी कच्च्या कामाला पाठकोरी. एक पान वाया जाणार नाही!"

कोणीतरी टाळी वाजवली. नंतर कळलं की ती डासासाठी होती. पण तोपर्यंत मी जबाबदारी स्वीकारून बसलो होतो.

घरी बायको म्हणाली, "अहो, पंचेचाळीस नव्या वह्या आणल्या असत्या तर काय बिघडलं असतं?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"तत्त्वाचा असू दे हो, पण ते तत्त्व ठेवणार कुठे? दिवाणखान्यातच ना?"

दिवाणखान्यातच. आठ दिवसांत सोफा दिसेनासा झाला. लोकांनी वह्यांच्या नावाखाली काय काय आणून टाकलं, ते सांगायला हवं. वह्या होत्याच, पण गॅसची पुस्तकं, दूधवाल्याची कार्डं, कोणाच्या तरी मुलीच्या लग्नातली उरलेली आमंत्रणं ("पाठकोरीच आहेत की!") आणि एका सद्गृहस्थानं तर रक्त तपासणीचे सात वर्षांचे अहवाल दिले. त्या अहवालांच्या पाठीवर सातवीच्या मुलानं भूमितीच्या आकृत्या काढाव्यात, अशी त्यांची इच्छा होती.

पहिल्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात. सगळे त्यांना सल्लागार म्हणतात, कारण निवृत्तीनंतरही त्यांनी ते काम सोडलेलं नाही. ते रोज संध्याकाळी येत, खुर्चीवरच्या वह्या जमिनीवर ठेवून त्या खुर्चीवर बसत आणि सांगत, "पानं मोजत काय बसलात? वजन करा, वजन! पंचेचाळिसानं भागा." दुसऱ्या दिवशी, "वजनाचं सोडा, जाडी मोजा." त्यांनी एकही पान फाडून दिलं नाही, हे मी कृतज्ञतेनं नमूद करतो.

माझी पद्धत पक्की होती. आधी पुठ्ठे काढायचे. मग पिना. मग पानांचे गठ्ठे. आणि एक कडक नियम : कोणाच्याही वहीतलं काही वाचायचं नाही. लोक विश्वासानं देतात, आपण नाक खुपसायचं नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता. बायको एकदा कोणाच्या तरी जुन्या निबंधाला हसत बसली, तर मी तिच्या हातातून तो काढून घेतला आणि सभ्यतेवर चार वाक्यं ऐकवली. ती चार वाक्यं आता आठवली की कानाची पाळी गरम होते.

दरम्यान मी शाळेतही जाऊन आलो. तिथले हेडक्लार्क म्हणजे माझाच माणूस निघाला. वह्या म्हटल्यावर त्यानं हात पुढे केला नाही, फॉर्म पुढे केला. नग किती, आकार काय, पानं किती, तीन प्रतींत. "एकदा रजिस्टरला नोंद झाली की माल शाळेचा. परत जात नाही. मागून लोक येतात, चुकून हे दिलं, चुकून ते दिलं. मी ऐकत नाही."

"ऐकूच नये!" मी म्हणालो. मी स्वतः तीस वर्षं हेच वाक्य लोकांच्या तोंडावर फेकत आलो होतो. त्यानं मला चहा पाजला.

सगळ्यात शेवटी तळमजल्यावरच्या ताई आल्या. त्यांचे यजमान आमच्याकडचे मास्तर. गणिताचे. निवृत्त झाल्यावरही खालच्या ओसरीत दहा-बारा मुलं घेऊन बसायचे, कोणाकडून काही घ्यायचे नाहीत. गेल्या वर्षी गेले. ताईंचा गुडघा धड नाही, तरी त्या तीन मजले चढून आल्या. हातात एक लांबट वही होती.

"ह्यांची शेवटची," त्या म्हणाल्या. "मुलांसाठी गणितं रचायचे ना, ती. निम्मी वही कोरी आहे. कागद वाया गेलेला ह्यांना खपायचा नाही. तेव्हा कोरी पानं त्या मुलांना द्या. पण लिहिलेली मला परत हवीत, भाऊ. सगळी नाही जमली तरी शेवटचं पान नक्की. त्यावरचं गणित अर्धंच राहिलंय. लिहीत होते, मी चहाला हाक मारली, उठले, आणि दारापर्यंतसुद्धा आले नाहीत."

मी वही दोन्ही हातांनी घेतली.

"तुम्हीच काढून का नाही ठेवली पानं?" बायकोनं हळूच विचारलं.

"माझ्या हातानं फाडवत नाहीत गं."

"मग मी आत्ता काढून देते. पाच मिनिटांचं काम."

इथे मी मध्ये पडलो. म्हणालो, असं मधूनच एक वही काढून चालत नाही, सगळं क्रमानं व्हायला हवं, ताईंनी अगदी निर्धास्त राहावं. मी एक चिठ्ठी लिहिली, 'परत करणे. महत्त्वाचे', खाली सही केली, तारीख घातली आणि ती वहीच्या पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवली. वही कपाटावर ठेवली. ताईंच्या चेहऱ्यावर जो विश्वास दिसला, तसा तीस वर्षांत एकाही साहेबानं माझ्यावर दाखवला नव्हता. पाच मिनिटांचं काम होतं. बायको तेव्हाही म्हणाली होती आणि अजूनही म्हणते, मात्र आता मोठ्यानं म्हणत नाही.

पुढच्या रविवारी पानं कमी पडली. बाइंडर येऊन बसला होता, मला पाच वह्यांचा माल कमी होता आणि सल्लागार 'मी सांगत होतो, वजन करा' असं म्हणत होते. माणूस चिडला की त्याचे हात जास्त पद्धतशीर चालतात, निदान माझे चालतात. दिसेल ती वही ओढायची, पुठ्ठा काढून मागे टाकायचा, पिना, पानं. कपाटावरची वहीही मीच ओढली. आधी पुठ्ठा, हा माझाच नियम. पुठ्ठ्याबरोबर चिठ्ठीही मागे गेली. मास्तर पानाच्या एकाच बाजूला लिहीत, मागची बाजू मुलांना सोडवण्यासाठी ठेवत. म्हणजे अव्वल पाठकोरी. आणि वाचायचं नाही, हाही माझाच नियम. मी वाचलं नाही. एक अक्षर वाचलं असतं तरी ते अक्षर ओळखलं असतं.

वर समान वाटपाचं खूळ. एकाच मुलाला सगळी चौकटीची आणि दुसऱ्याला सगळी दुरेघी असं होऊ नये म्हणून मी सगळी पाठकोरी पानं पत्त्यांसारखी पिसली आणि एकेक करून शेहेचाळीस गठ्ठ्यांत वाटली. शेहेचाळीस, कारण पंचेचाळीस मुलांसाठी आणि एक प्रत नमुना म्हणून भांडारात, म्हणजे आता माझ्या घरी. नमुना ठेवल्याशिवाय मी आयुष्यात माल सोडलेला नाही.

वह्या शाळेत पोचल्या. तीन प्रतींत. हेडबाई दोन शब्द बोलल्या, मी बावीस मिनिटं बोललो. चार दिवस मी जिन्यात भेटेल त्याला थांबवून त्या समारंभाचं वर्णन करत होतो.

पाचव्या दिवशी ताई दारात. गुडघ्यावर हात, धाप लागलेली.

"भाऊ, माझी पानं?"

मी कपाटाकडे पाहिलं. कपाटावर काही नव्हतं. आणि त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "बाइंडरकडे आहेत. तो जरा आजारी आहे. बराच आजारी."

"अरेरे," ताई म्हणाल्या. "घाई नाही. बरा होऊ दे बिचारा." आणि त्या पुन्हा चोपन्न पायऱ्या उतरून गेल्या.

मी गच्चीवर नेऊन टाकलेला पुठ्ठ्यांचा ढीग उपसला. तिसऱ्याच थरात माझी चिठ्ठी सापडली, सहीसकट, तारखेसकट. डिंक उत्तम लागला होता. मग धावत येऊन नमुन्याची वही उघडली. शेवटून चौथ्या पानावर मास्तरांचं तिरकं, स्वच्छ अक्षर होतं. आता मी वाचलं.

'तिसऱ्या मजल्यावरचे भांडारसाहेब रोज चोपन्न पायऱ्या चढतात. दर नऊ पायऱ्यांनी ते चपलेचा बंद नीट करण्याच्या निमित्तानं थांबतात. तर घरी पोचेपर्यंत ते किती वेळा थांबतात?' आणि खाली बारीक अक्षरात : 'मुलं सहा म्हणतील. त्यांना सांगावे, सहाव्यांदा साहेब थांबत नाहीत, घरी पोचतात.'

माझा बंद खरोखर सैल असतो. निमित्त वगैरे काही नाही. पण ते जाऊ दे. हा माणूस ओसरीत बसून माझी धाप मोजत होता आणि तिला इतक्या प्रेमानं गणितात बसवत होता, आणि मी त्याची वही पत्त्यांसारखी पिसली होती.

दुसऱ्या दिवशी संकटात भर पडली. बाइंडर उरलेले पुठ्ठे द्यायला आला आणि खालीच ताईंना भेटला. टुणटुणीत. ताईंनी त्याच्या तब्येतीची चौकशी केली म्हणे, आणि कडू काढा चांगला म्हणून सांगितलं. वर येऊन तो मला विचारतो, "साहेब, मला काय झालं होतं?" ताई त्यानंतर आल्या नाहीत आणि त्यांनी मला काही विचारलंही नाही. त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

मी शाळा गाठली. हेडक्लार्कनं माझं म्हणणं शांतपणे ऐकलं, रजिस्टर उघडलं आणि माझ्या सहीवर बोट ठेवलं. "दान घ्यायचा रकाना आहे. परत द्यायचा नाही. आणि साहेब, त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, ऐकूच नये."

"म्हणालो खरा."

"मी तर ते वाक्य घरी जाऊन बायकोला सांगितलं."

शेवटी वर्गशिक्षिकेला दया आली. पाहुणे वह्यांचा वापर तपासायला आले आहेत, असं दाखवायचं, पान सापडलं तर मुलांकडून मागायचं, त्यांनी दिलं तर दिलं. बदल्यात देण्यासाठी मी पंचेचाळीस नव्या, कोऱ्या, दुकानातल्या वह्या घेतल्या. पिशव्या बायकोनं भरल्या. प्रत्येक पिशवीची गाठ तिनं जरा जास्तच घट्ट मारली.

सातवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. पिशव्या जड. नवव्या पायरीला मी थांबलो, वाकलो आणि बंद नीट केला. वरून कुजबुज ऐकू आली. अठराव्या पायरीला पुन्हा वाकलो, तर कठड्यावरून दहा-बारा डोकी एकदम ओरडली, "दोन!"

त्या एका पानाव्यतिरिक्त माझ्यावर आणखी चार गणितं होती, त्यांतली दोन याच नऊ पायऱ्यांची आणि याच बंदाची, हे मला वर्गात कळलं. मुलांना सगळी पाठ होती. ती मधल्या सुट्टीत वह्या अदलाबदल करून एकमेकांची गणितं वाचत होती. सल्लागारांवर तीन होती. 'एक माणूस दिवसाला सात सल्ले देतो, त्यांतला एकही कोणी ऐकत नाही' वगैरे. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "एरवी गणिताच्या तासाला झोपा काढतात. या आठवड्यात पुढचं गणित कोणाकडे आहे म्हणून भांडतायत." मी रुमालानं कपाळ पुसलं. बावीस मिनिटांच्या भाषणात मी कागदाच्या बचतीबद्दल बोललो होतो. या वह्यांमध्ये खरं काय होतं, ते पोरांना कळलं आणि देणाऱ्याला कळलं नव्हतं.

मुलं चांगली होती. खरं कारण मी त्यांना सांगितलं, पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. मुलांनी गणितं आधी स्वतःच्या वहीत उतरवून घेतली आणि एकेक पान फाडून दिलं. मास्तरांच्या तीसेक पानांपैकी एकवीस जमली. काही पानांच्या पाठीवर उत्तरं सोडवलेली, एकावर माझं चित्र, वाकलेलं. पण मी शेवटचं पान शोधत होतो. ते दुसऱ्या बाकावरच्या मुलीकडे निघालं. तिनं ते स्वतःच काढून आणलं, दोन्ही हातांत धरून.

"सर, हे गणित अर्धवट होतं," ती म्हणाली. "मी पूर्ण केलं."

मास्तरांच्या तिरक्या ओळीत लिहिलं होतं : 'तळमजल्यावरच्या बाई रोज सकाळी दोन कप चहा करतात. एके दिवशी' आणि तिथेच, त्याच ओळीवर, जराही जागा न सोडता, निळ्या पेनानं, गोल गोल अक्षरात : 'एक कप सांडला. तर किती कप उरले? उत्तर : १.'

"बरोबर आहे ना?" तिनं विचारलं.

वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "बरोबर आहे." ती जागेवर जाऊन बसली आणि नवी वही उघडून तिनं तिचा वास घेतला.

परत येताना मी तळमजल्यावर थांबलो. ताईंनी दार उघडलं. मी एकवीस पानं त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. पुठ्ठा, चिठ्ठी, पत्ते, बाइंडरचं आजारपण, सगळं. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा म्हणाल्या, "त्याला बघितल्यावरच समजलं होतं, भाऊ." मग एकेक पान उचलून वाचत गेल्या. माझ्या बंदाच्या गणिताला हसल्या. "मी म्हणायचे ह्यांना, अहो त्यांना कळलं तर? तर म्हणायचे, कळू दे, आपल्याकडे चहाला तरी येतील भांडायला."

शेवटचं पान मी सगळ्यात खाली ठेवलं होतं. ते वर आलंच. त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. निळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"कोणी लिहिलं?"

"एका मुलीनं. तिला माहीत नव्हतं."

"नाही, उत्तर बरोबर आहे तिचं," ताई म्हणाल्या. मग, माझ्याकडे न बघता, "पण मला ते अर्धंच हवं होतं हो."

गेल्या महिनाभरात मी जेवढा बोललो, त्यातला एक शब्दही इथे उपयोगाचा नव्हता. म्हणालो, "चुकलं माझं, ताई." त्यांनी मान हलवली. हो म्हणून की असू द्या म्हणून, मला समजलं नाही. त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात दोन कप होते. मास्तरांच्या खुर्चीत बसायचं मला धाडस झालं नाही. मी उभ्यानंच चहा प्यायलो, आणि एक थेंब सांडणार नाही याची फार काळजी घेतली.

मग मी जिना चढायला लागलो. नवव्या पायरीला थांबलो. अठराव्या, सत्ताविसाव्या, छत्तिसाव्या, पंचेचाळिसाव्या पायरीला थांबलो. पाच झाले. चोपन्नावी पायरी आली, समोर माझं दार होतं, आतून बायकोचा भांडी लावण्याचा आवाज येत होता. मास्तरांच्या उत्तराप्रमाणे मी आता घरी पोचलो होतो.

मी तिथे सहाव्यांदा थांबलो. चपलेचा बंद चांगला घट्ट होता.